लिनक्स संगणकाचे नेटवर्क कार्ड : दोष कसा शोधावा?

दुकानातील संगणकाचे इंटरनेट बंद पडले तर आज केवळ हिशेब थांबत नाही, मालही थांबतो. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ई-वे बिल काढावे लागते. टेम्पो दारात उभा, हमाल माल भरून मोकळे झालेले आणि संगणक मात्र "जोडणी नाही" म्हणून सांगतो, अशी वेळ कोणत्याही व्यापाऱ्यावर येऊ शकते. अशा घाईच्या वेळी माणूस दुरुस्तीवाल्याच्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवतो. तो म्हणाला "कार्ड गेले" तर नवे कार्ड, आणि तो म्हणाला "फॉरमॅट मारावे लागेल" तर फॉरमॅट. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात वर्षांचा हिशेब जाऊ शकतो.

ज्यांच्याकडे लिनक्सवर चालणारा संगणक आहे त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण गल्लीतील बहुतेक दुरुस्तीवाल्यांचा हात विंडोजवर बसलेला असतो. लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीवरची कार्यप्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना लिहायला घेतला. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ती चालते, म्हणून छोट्या धंद्याला ती परवडते. तिचा आणखी एक गुण असा की, काय बिघडले आहे हे ती स्वतःच लिहून ठेवते. ते वाचता आले पाहिजे, इतकेच. आजच्या पाठात आम्ही तेच समजावून देणार आहोत.

आधी रस्ता समजून घ्या

बिल काढण्याच्या प्रोग्रामपासून बाहेरच्या जगापर्यंत एक रस्ता आहे. प्रोग्राम कार्यप्रणालीला सांगतो, कार्यप्रणाली ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर कार्डाला हलवतो, कार्ड केबलमधून संदेश राउटरकडे पाठवते आणि राउटर तो कंपनीच्या लाइनवर सोडतो. कारखान्यात माग थांबला तर जाणता कारागीर आधी वीज पाहतो, मग पट्टा, मग धागा. एकदम मोटर खोलत नाही. येथेही तोच नियम. खालून वर, एकेक पायरी तपासायची. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर "होय" किंवा "नाही" इतकेच घ्यायचे. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत. बदलल्या तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खर्च होतो.

पाठातील आज्ञांबद्दल एक सूचना. त्या "टर्मिनल" नावाच्या काळ्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. आम्ही त्यांची अक्षरे सुटी करून देत आहोत. जेथे "जागा" लिहिले आहे तेथे स्पेसची कळ दाबावी आणि शेवटी एंटर दाबावे. काही आज्ञांच्या आधी "एस-यू-डी-ओ" आणि जागा द्यावी लागते. त्याचा अर्थ, हे काम मालकाच्या अधिकाराने करावे. मग संगणक पासवर्ड विचारतो. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने घाबरू नये.

पायरी पहिली : दोष आपला की बाहेरचा?

त्याच राउटरच्या वायफायवर मोबाईल जोडून पाहा. मोबाईलचा स्वतःचा डेटा आधी बंद करा, नाहीतर फसगत होईल. मोबाईलवर इंटरनेट चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा कंपनीच्या लाइनचा आहे. संगणकाला हात लावू नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा. मोबाईलवर चालत असेल आणि संगणकावर नाही, तर दोष राउटरपासून संगणकापर्यंतच्या टप्प्यात आहे. मग पुढची पायरी.

पायरी दुसरी : दिवा आणि केबल

कार्डाच्या भोकाजवळ, जेथे केबल बसते तेथे, सहसा दोन छोटे दिवे असतात. केबल चांगली व दोन्ही टोके चालू असतील तर दिवा लागतो आणि माहितीची ये-जा सुरू असताना तो लुकलुकतो. दिवा मुळीच लागत नसेल तर आधी केबलचे टोक काढून पुन्हा "टक्" आवाज येईपर्यंत बसवा. प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर केबल सैल राहते. झाडूचा धक्का लागला तरी जोडणी तुटते. मग राउटरचे दुसरे भोक वापरून पाहा. त्यानंतर दुसरी केबल लावून पाहा. गोदामात उंदीर केबल कुरतडतात, काउंटरखाली खुर्चीच्या पायाने ती चेपते. केबल एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा लांब असू नये, हेही ध्यानात ठेवावे.

पायरी तिसरी : संगणकाला कार्ड दिसते का?

"एल-एस-पी-सी-आय" ही आज्ञा द्या. यंत्रात बसवलेल्या भागांची यादी येते. तिच्यात "इथरनेट कंट्रोलर" असे शब्द असलेली ओळ शोधा. त्याच ओळीत कार्ड बनवणाऱ्याचे नावही असते. साध्या संगणकांत बहुधा रियलटेक किंवा इंटेल. कार्ड यूएसबीवर लावायचे असेल तर "एल-एस-यू-एस-बी" ही आज्ञा द्यावी.

ओळ दिसली तर कार्ड निदान विजेच्या दृष्टीने जिवंत आहे. दिसली नाही तर लगेच नवे कार्ड आणायला धावू नका. संगणक बंद करा, विजेची वायर भिंतीतून काढा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि एक-दोन मिनिटे थांबा. यामुळे आत उरलेला प्रवाह निघून जातो. कधीकधी अडकून बसलेले कार्ड एवढ्यानेच जागे होते. कार्ड वेगळे बसवलेले असेल तर ते काढून त्याची सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने हळूच पुसून, चुरा झटकून परत घट्ट बसवा. कार्ड मदरबोर्डवरच असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते बंद केलेले तर नाही ना, हे पाहा. बायोसची बॅटरी संपली की तेथील नोंदी बदलू शकतात.

पायरी चौथी : ड्रायव्हर आहे का?

आता "एल-एस-पी-सी-आय, जागा, डॅश-के" अशी आज्ञा द्या. प्रत्येक भागाखाली त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव येते. ओळीची सुरुवात "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी असते. रियलटेकच्या नेहमीच्या कार्डाखाली बहुधा "आर-८१६९" आणि इंटेलच्या अनेक कार्डांखाली "ई-१०००-ई" असे नाव दिसते. ही ओळच नसेल तर कार्ड आहे, पण त्याला चालवणारा नाही. बैल आहे, गाडीवान नाही, असा प्रकार.

असे का होते? एक कारण म्हणजे कार्ड अगदी नवे आणि कर्नल जुना. दुसरे कारण, नुकतेच कर्नल अद्ययावत झाले आणि त्यानंतर कार्ड चालेनासे झाले. अशा वेळी संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचे कर्नल निवडून पाहावे. उबुंटू, डेबियन अशा प्रणाली सहसा आधीचे कर्नल ठेवून देतात. जुन्यावर कार्ड चालले तर दोष कार्डाचा नाही, हे सिद्ध झाले. तिसरे कारण म्हणजे फर्मवेअर. काही कार्डांना कंपनीने तयार केलेली एक छोटी फाइल लागते. डेबियनमध्ये अशा फाइली पूर्वी वेगळ्या आणाव्या लागत. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्या प्रणाली बसवतानाच मिळू लागल्या.

हे सारे कळण्यासाठी कर्नलची रोजनिशी वाचावी. आज्ञा आहे "एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी". ओळी पुष्कळ येतात, पण घाबरू नये. केबल काढून पाच सेकंदांनी परत लावा, पुन्हा हीच आज्ञा द्या आणि फक्त शेवटच्या ओळी पाहा. "लिंक इज डाऊन" आणि मग "लिंक इज अप" असे दिसले तर कार्ड, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही बोलत आहेत. "फर्मवेअर" आणि "फेल्ड" हे शब्द एकाच ओळीत दिसले तर फाइल कमी आहे. केबल हलवूनही रोजनिशीत एकही नवी ओळ आली नाही, तर केबल, राउटरचे भोक किंवा कार्डाचे भोक यांपैकी एकावर संशय घ्यावा.

पायरी पाचवी : नाव बदलले तर नाही?

या पायरीवर भलेभले फसतात. "आय-पी, जागा, एल-आय-एन-के" ही आज्ञा द्या. कार्डांची यादी येते. "एल-ओ" हे नाव संगणकाचे स्वतःशीच बोलण्याचे, ते सोडून द्या. पूर्वी पहिल्या कार्डाचे नाव "ई-टी-एच-०" असे असे. २०१३ सालापासून नवी पद्धत येऊ लागली. तिच्यात कार्ड कोणत्या जागी बसले आहे यावरून नाव ठरते. उदाहरणार्थ "ई-एन-पी-३-एस-०". ई-एन म्हणजे इथरनेट, पी-३ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची बस, एस-० म्हणजे तेथील शून्य क्रमांकाची खाच.

समजा, एखाद्या दुकानदाराने कार्ड साफ करून दुसऱ्या खाचेत बसवले. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, पण नाव "ई-एन-पी-४-एस-०" झाले. जोडणीची नोंद मात्र जुन्याच नावाने लिहिलेली असेल, तर संगणक नसलेल्या कार्डाची वाट पाहत बसतो. कधी दुसरेच एखादे कार्ड बसवले तरी बसचे क्रमांक सरकतात आणि हाच घोटाळा होतो. दुकानदार म्हणतो कार्ड गेले. खरे तर नोंदीतले एक अक्षर बदलायचे असते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी जोडणी काढावी, नव्या नावाने नवी करावी, काम झाले.

यादीत नावापुढे "नो-कॅरियर" दिसले तर समोरून प्रतिसाद नाही. केबलकडे परत जा. "स्टेट डाऊन" दिसले, पण "नो-कॅरियर" नाही, तर कार्ड फक्त झोपलेले असू शकते. त्याला उठवण्याची आज्ञा अशी : "एस-यू-डी-ओ, जागा, आय-पी, जागा, एल-आय-एन-के, जागा, एस-ई-टी, जागा, कार्डाचे नाव, जागा, यू-पी".

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्याच घराण्यातील दुसरी प्रणाली. तिच्यात नाव ड्रायव्हरवरून पडते. रियलटेकसाठी "आर-ई-०", इंटेलसाठी "ई-एम-०" अशी नावे दिसतात, आणि पाहण्याची आज्ञा "आय-एफ-सी-ओ-एन-एफ-आय-जी" ही आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र तोच.

पायरी सहावी : पत्ता मिळाला का?

"आय-पी, जागा, ए-डी-डी-आर" ही आज्ञा द्या. कार्डाच्या नावाखाली "आय-एन-ई-टी" या शब्दापुढे चार आकड्यांचा पत्ता येतो. दुकानातील राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. पत्ता नसेल, किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता आला नाही. राउटर बंद करून चालू करा, केबल काढून लावा.

दुसरा प्रकार अधिक त्रासदायक. एकाच दुकानातील प्रिंटर आणि संगणक यांना कोणी हाताने एकच पत्ता लिहून दिला असेल, तर जोडणी कधी चालते, कधी तुटते. एका घराच्या नंबरवर दोन घरे असतील तर टपालवाला काय करील? एकाचा पत्ता बदलावा.

पायरी सातवी : हाक मारून पाहा

"पी-आय-एन-जी" ही हाक मारण्याची आज्ञा. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. आज चाळीस वर्षांनंतरही तिच्यासारखे साधे हत्यार दुसरे नाही. थांबवायचे झाल्यास कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबाव्यात. हाक जवळून दूर अशी मारावी.

पहिली हाक राउटरला. त्याचा पत्ता "आय-पी, जागा, आर-ओ-यू-टी-ई" या आज्ञेने कळतो. "डिफॉल्ट व्हाया" या शब्दांपुढे तो लिहिलेला असतो. उत्तर आले तर कार्ड निर्दोष आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. मग कोणी काहीही म्हणो, कार्ड बदलू नका.

दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ या पत्त्याला. हा गूगलच्या नाव-शोध सेवेचा पत्ता आहे. राउटरने उत्तर दिले पण येथून आले नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे असण्याचा संभव मोठा.

तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाला, त्याच्या नावाने. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर रस्ता चांगला आहे, फक्त नावाचा आकडा शोधून देणारी सेवा अडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ लिहून पाहावे.

चालते, पण रखडत चालते

कधी जोडणी तुटत नाही, पण बिल उघडायला मिनिट लागते. येथे केबलचे आतले गणित उपयोगी पडते. केबलमध्ये आठ तारा असतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला चारच तारा पुरतात, १००० मेगाबिटला आठही लागतात. म्हणून बाकीच्या चारांपैकी एखादी तार तुटली तर जोडणी मरत नाही, वेग घसरतो. कर्नलच्या रोजनिशीत "लिंक इज अप" पुढे वेग लिहिलेला असतो. कार्ड आणि राउटर दोन्ही १००० चे असून तेथे १०० दिसत असेल तर केबल किंवा तिचे टोक बदला. त्याच ओळीत "हाफ" शब्द दिसला तर दोन्ही टोकांचे पटलेले नाही. कोणी वेग हाताने ठरवून ठेवला असेल तर तो पुन्हा "आपोआप" वर आणावा.

टेम्पो उभा असेल तेव्हा

एवढे तपासायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढाही वेळ नसेल तर मोबाईल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स बहुतेक वेळा त्याला दुसरे नेटवर्क कार्ड म्हणून लगेच ओळखते. बिल निघते, टेम्पो सुटतो. शिवाय एक तपासणीही होऊन जाते. मोबाईलवरून सारे चालले तर कार्यप्रणाली, ब्राउझर आणि हिशेबाचा प्रोग्राम निर्दोष आहेत. फॉरमॅट करण्याचे कारण उरत नाही. फर्मवेअरची फाइल आणायची असेल तर तीही याच वाटेने आणता येते.

कार्ड खरोखर केव्हा गेले म्हणावे?

दोनच परिस्थितींत. एक, वीज काढून, कार्ड पुन्हा बसवून, बायोस पाहूनही ते तिसऱ्या पायरीच्या यादीत येत नाही. दोन, ते यादीत आहे, ड्रायव्हर आहे, पण दिवा लागत नाही, आणि तीच केबल त्याच राउटरच्या भोकातून दुसऱ्या संगणकाला लावली की दिवा लागतो. पावसाळ्यात विजेचा लोळ केबलच्या लाइनमधून आत येतो आणि कार्डाचे भोक जाळतो. वीज कडाडू लागली की प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढून ठेवावी, ती याचसाठी. मदरबोर्डवरचे कार्ड गेले म्हणून मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. वेगळे कार्ड किंवा यूएसबीवर लागणारे कार्ड पुष्कळ स्वस्तात काम भागवते. घेताना त्याच्या चिपचे नाव विचारावे आणि आपल्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

शेवटी दोन गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो. संगणक चांगला चालू असतानाच कार्डाचे नाव, ड्रायव्हर, पत्ता, राउटरचा पत्ता आणि वेग या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी वहीशी ताडून पाहिले की काय बदलले ते लगेच दिसते. आणि कोणाच्याही हाती संगणक देण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. दुरुस्तीवाला आला की त्याला "इंटरनेट बंद आहे" एवढेच सांगू नका. "कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हर आहे, पत्ता मिळत नाही" असे सांगा. जाणकार असेल तर त्याचा वेळ वाचेल. आणि गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही असे समजून तो आला असेल, तर तोही सावधपणे बोलेल.